अकरावी-बारावीची तयारी : रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी यादी

बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला आल्याची बातमी आता कोणाला नवी वाटत नाही. 2024 साली या विभागाचा निकाल 97.51 टक्के लागला, 2025 साली 96.74 टक्के. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या विभागात नापास होण्याची धास्ती त्यामुळे कमी आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होणे महागात पडते. पुढचा प्रवेश दोन गोष्टींवर ठरतो : अकरावीला कोणते विषय घेतले होते आणि प्रवेश परीक्षेत किती गुण पडले. म्हणून तयारीचा आरंभ दहावीचा निकाल हाती येताच करावा.

पहिले काम प्रवेश अर्जाचे. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले असून अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. तेव्हा केवळ नाव मोठे म्हणून लांबचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकण्याआधी आपल्या वाडीपासून तिथे सकाळी पोहोचणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एसटी आहे का, हे आगारात जाऊन विचारावे. प्रॅक्टिकल साधारणपणे दुपारच्या सत्रात होतात आणि खाडीपलीकडच्या गावांची शेवटची गाडी त्यासाठी थांबत नाही. अशा विद्यार्थ्याने जूनमध्येच सकाळची बॅच मागून घ्यावी. एकदा बॅचच्या याद्या लागल्या की त्या बदलून मिळणे कठीण असते. एसटीचा सवलतीचा पासही त्याच आठवड्यात काढावा.

विषयनिवडीवर मात्र घाईने सही करू नये. विज्ञान शाखेत इंग्रजी, एक दुसरी भाषा किंवा तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञान, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय बहुतेकांचे ठरलेले असतात. खरा प्रश्न गणित आणि जीवशास्त्राचा आहे. गणित सोडले की अभियांत्रिकी बंद होते, एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, नौदलात किंवा हवाई दलात जाण्याचा मार्ग बंद होतो आणि या किनाऱ्यावरच्या अनेक मुलांच्या मनात असलेली मर्चंट नेव्हीतल्या अधिकारीपदाची वाटही बंद होते, कारण तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित मिळून 60 टक्के आणि इंग्रजीत 50 टक्के गुण लागतात. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय शाखा जाते आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची पदवीही जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कृषी पदवीला मात्र गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही विषय चालतो. दोन्ही विषय घेतले तर सहा विषयांचे 600 गुण बरोबर भरतात आणि दोन्ही वाटा खुल्या राहतात, पण अभ्यास खरोखरच दुप्पट वाटतो. ज्याला प्रवेश घेतानाही काय व्हायचे ते उमगलेले नाही, त्याने तो भार उचलावा; ज्याचे ठरले आहे, त्याने निव्वळ शेजारच्या मुलाने घेतले म्हणून घेऊ नये. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा 200 गुणांचा बायफोकल (व्यवसायाभिमुख) विषय घेतल्यास दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो, हेही महाविद्यालयात विचारून पाहावे.

वाणिज्य आणि कला शाखांकडे विज्ञान न मिळालेल्यांची सोय म्हणून पाहण्याची आपल्याकडची सवय चुकीची आहे. वाणिज्य शाखेत पुस्तपालन रोज सोडवण्याचा विषय आहे. अकरावीची रोजकीर्द आणि खतावणी कच्ची राहिली, तर बारावीला भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती आणि भागीदारी संस्थेचे विसर्जन या प्रकरणांत ताळेबंद जुळत नाही आणि परीक्षेत वेळ तिथेच जातो. कला शाखेत भूगोलाला 20 गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते, हे प्रवेश घेतानाच माहीत असावे.

मराठी माध्यमातून दहावी करून विज्ञान शाखेत आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला अडसर अभ्यासक्रमाचा नसून भाषेचा असतो, आणि याच कारणाने ऑगस्टपर्यंत वर्गात मान खाली घालून बसणारी हुशार मुले दर वर्षी दिसतात. उदाहरणे त्यांना सुटतात. अडते ते प्रश्न वाचताना. त्यासाठी प्रत्येक विषयाची एक पातळ वही करावी, धडा शिकवण्याच्या आदल्या रात्री त्यातले नवे शब्द तिच्यात मराठी अर्थासह लिहावेत आणि व्याख्या मोठ्याने वाचाव्यात. व्याख्या पाठ करून उतरवण्यापेक्षा शिक्षकांनी फळ्यावर सोडवलेले उदाहरण घरी कोऱ्या कागदावर, वही मिटून, पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडावे. हे काम गणपतीच्या सुट्टीपर्यंत नेटाने केले, तर दिवाळीनंतर ती वही क्वचितच उघडावी लागते. शंका विचारताना मराठीत विचारावी; एकही शिक्षक त्याबद्दल रागावत नाही.

लॉग टेबल, म्हणजे लॉगरिदमच्या तक्त्यांचे पुस्तक, पहिल्याच आठवड्यात विकत घ्यावे. बारावीच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या पेपरला कॅलक्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते, आणि ते वापरण्याचा हात एका रात्रीत बसत नाही. ओळ शोधायची, स्तंभ गाठायचा, उजवीकडच्या बारीक आकड्यांतला फरक मिळवायचा, शेवटी अँटीलॉग काढून दशांश चिन्ह योग्य जागी बसवायचे : यातल्या कोणत्याही पायरीवर बोट एक घर सरकले की उत्तर चुकते. रोज दोन गुणाकार-भागाकार लॉगने करावेत.

प्रश्नपत्रिकेचा आराखडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. भौतिकशास्त्राचा लेखी पेपर 70 गुणांचा : बहुपर्यायी 10, एका गुणाचे 8, मग दोन गुणांच्या बारापैकी आठ, तीन गुणांच्या बारापैकी आठ आणि चार गुणांच्या पाचपैकी तीन; उरलेले 30 गुण प्रॅक्टिकलचे. गणित 80 आणि 20. पर्याय एवढे असल्यामुळे दोन-चार धडे ऑप्शनला टाकण्याचा मोह होतो. बोर्डात ते खपूनही जाते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत खपत नाही, कारण तिथे बारावीचा अभ्यासक्रम सुमारे 80 टक्के आणि अकरावीचा सुमारे 20 टक्के असतो व बारावीवरचा प्रश्न कोणत्याही धड्यातून येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, पण गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असतो. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देणाऱ्याने चुकीच्या उत्तरामागे एक गुण वजा होतो हे लक्षात ठेवून सराव वेगळा करावा.

भाषांना शेवटच्या महिन्यावर सोडण्याची रीत सर्रास आहे. मराठीत उपयोजित लेखनाचा भाग, म्हणजे मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख, सरावाने हमखास गुण देतो. इंग्रजीची 20 गुणांची तोंडी परीक्षा वर्गात चार वाक्ये बोलण्याची सवय असली की जड जात नाही.

आता वेळापत्रक. शहरातल्या क्लासचे छापील वेळापत्रक इथे चालत नाही. जुलैत लावणी असते, 1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठून होड्या पाण्यात जातात, पाठोपाठ गणपती येतात आणि घर चाकरमान्यांनी भरते. हे दिवस अभ्यासाचे धरूच नयेत. धरले की यादी बिघडते आणि मन खट्टू होते. त्याऐवजी जूनचा महिना आणि गणपती ते दिवाळीमधला काळ घट्ट धरावा. पावसात वीज जाते आणि वाडीत रेंज नसते, म्हणून पाहायचे व्हिडिओ तालुक्याला असतानाच उतरवून घ्यावेत. जर्नलची, म्हणजे प्रयोगवहीची, काळजी निराळी घ्यावी. सादळलेल्या पानांवर शाई फुटते, ग्राफ पेपरला बुरशी धरते आणि जीवशास्त्राच्या आकृत्या समोरच्या पानावर उमटतात. जर्नल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दफ्तरात न ठेवता घरातल्या कोरड्या फळीवर ठेवावे, प्रयोग झाल्याच्या आठवड्यातच लिहून सही घ्यावी. प्रमाणपत्राच्या पानावर सही आणि शिक्का नसेल, तर जानेवारीत धावपळ होते.

कागदपत्रांचे काम अकरावीतच उरकावे. जात प्रमाणपत्र, त्याची वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला यांपैकी वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेच्या नोंदी गावच्या शाळेतून आणाव्या लागतात. नावात एका अक्षराचा फरक निघाला, तर तो तेव्हाच दुरुस्त करून घ्यावा.

बारावीच्या वर्षी डिसेंबरअखेर अभ्यासक्रम संपवून मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका तीन तास घड्याळ लावून सोडवाव्यात. जानेवारीच्या शेवटी प्रॅक्टिकल सुरू होतात. त्यातली तोंडी परीक्षा जर्नलमधल्याच प्रयोगांवर असते. लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते व मार्चपर्यंत चालते, म्हणजे शिमगा नेमका मध्ये येतो. पालखी घरी येण्याच्या दिवशी दर्शन घ्यावे, पण ढोलामागे रात्रभर फिरण्याचा बेत त्या एका वर्षापुरता घरच्यांनीच रद्द करावा. मुलांवर सोपवू नये. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावी असेल, तर आदल्या दिवशी त्याच गाडीने जाऊन वेळ पाहून यावी.

बोर्डानंतर सीईटीपर्यंतचे दिवस आंब्याच्या आणि काजूच्या ऐन हंगामात येतात. बागेत हात लागणारच. सकाळचे तीन तास तेवढे अभ्यासासाठी राखून उरलेला वेळ कामाला द्यावा, कारण दिवसभराची सूट घरात कोणालाच परवडत नाही. परीक्षा संगणकावर असते, म्हणून तालुक्याच्या संगणक केंद्रात बसून दोन-तीन सराव चाचण्या माऊस हातात धरूनच द्याव्यात. अकरावीची पुस्तके सीईटी होईपर्यंत धाकट्या चुलत भावंडाला देऊन टाकू नयेत.