ईव्हीचं घरगुती चार्जिंग: वीज नेमकी कुठे मुरते?

बॅटरीत २० युनिट गेले आणि मीटरवर २२-२३ पडले, तर काळजीचं कारण नाही. एवढी तूट होतेच. पण त्याच २० युनिटसाठी मीटर २६-२७ दाखवत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिली तूट गाडीतच होते. घरातला एसी (उलटसुलट वाहणारा) पुरवठा बॅटरीला लागणाऱ्या डीसीत (एकाच दिशेच्या प्रवाहात) बदलण्याचं काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो आणि त्यात ५ ते १० टक्के वीज उष्णता होऊन जाते. भिंतीवरचा खोका, म्हणजे वॉलबॉक्स, खरं तर चार्जर नव्हेच. किती अँपिअर घ्यायचे हे तो गाडीला सांगतो आणि सगळं ठीक असेल तरच वीज सोडतो, इतकंच. म्हणून गाडीचा ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल, तर ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स लावून चार्जिंग एका मिनिटानेही लवकर होणार नाही.

दुसरी तूट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कंट्रोलर, कूलिंगचा पंप, १२ व्होल्टची बॅटरी भरणारा कन्व्हर्टर अशी सगळी मंडळी जागी असतात. गाडीगाडीत फरक असला, तरी त्यांचा खर्च साधारण २०० ते ४०० वॅट धरा. हा खर्च तासावर चढतो, भरलेल्या युनिटवर नाही. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर १० अँपिअरने चार्ज केलं तर २.३ किलोवॅट मिळतात. त्यातले ३०० वॅट असे गेले, वर रूपांतराची ७ टक्के तूट धरली, की २० युनिट भरायला पावणेअकरा तास लागतात आणि मीटरवर पावणेपंचवीस पडतात. तेच ३२ अँपिअरने, म्हणजे ७.४ किलोवॅटने, तीन तासांत आणि साधारण साडेबावीस युनिटमध्ये होतं. ‘हळू चार्ज केलेलं बॅटरीला बरं’ हा सल्ला डीसी फास्ट चार्जरच्या संदर्भात ठीक आहे. ४० युनिटच्या बॅटरीला ७ किलोवॅट म्हणजे मुळातच संथ चार्जिंग. तेव्हा वायरिंग झेपवत असेल, तर गाडी घेईल तेवढे अँपिअर द्या.

आता वायरिंगकडे. वायरीत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते. डीबीपासून, म्हणजे घरातल्या वीज वाटपाच्या पेटीपासून, वॉलबॉक्स २० मीटरवर असेल आणि ३२ अँपिअर वाहत असतील, तर तांब्याच्या ४ स्क्वेअर एमएम वायरीत सुमारे १९० वॅट, ६ मध्ये १२५ आणि १० मध्ये ७५ वॅट नुसते तापण्यात जातात. ४ ची वायर इथे घ्यायचीच नाही. ३२ अँपिअरच्या सलग लोडला एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) साधारणपणे ४० चा लागतो, आणि वायरीची क्षमता एमसीबीपेक्षा जास्त हवी. भिंतीतल्या पाइपातून जाणारी ६ ची वायर तिथे काठावर येते. अंतर लांब असेल किंवा पाइपात आणखी वायरी असतील, तर १० घ्या.

सर्किट डीबीपासून स्वतंत्र हवं, मध्ये कुठे जोड नको. आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए, आणि वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय. ती नसेल तर टाइप बी. साधा टाइप एसी चालत नाही: डीसी गळती झाली की तो आंधळा होतो आणि खरा धोका येतो तेव्हा पडत नाही. वायर मल्टिस्ट्रँड असेल तर टोकाला लग (धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून घ्या आणि टर्मिनलचे स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळायला सांगा. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. अर्थिंग त्याच्याकडून मीटरने मोजून घ्या. ‘आहे, आहे’ यावर विसंबू नका.

वॉलबॉक्स नसेल आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर भागवायचं असेल, तर गाडीत किंवा केबलच्या खोक्यावर १० अँपिअर सेट करा. घरगुती सॉकेट तासभराच्या इस्त्रीसाठी बरा, पण आठ तास पूर्ण लोड घ्यायला बनवलेला नसतो. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर सॉकेट आणि त्यामागची करपलेली वायर दोन्ही बदला, नुसता स्क्रू आवळून भागत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच.

किती टक्के भरायचं, हे बॅटरीच्या जातीवर आहे. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० पुरे. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर अनेक उत्पादक आठवड्यातून एकदा १०० करायला सांगतात, कारण तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं आणि पूर्ण भरल्याशिवाय किती चार्ज उरलाय याचा नेमका अंदाज गाडीला येत नाही. शेवटच्या काही टक्क्यांत करंट कमी होतो, पण ते ३०० वॅट चालूच राहतात. रोज १०० करण्यात त्यामुळेही तोटा आहे. थंडीत गाडी चालवून आल्याआल्या, बॅटरी गरम असताना लावा. उन्हातून आलात तर तासभर थांबा.

वीज कंपनी रात्री स्वस्त दर देत असेल तर वेळ लावा, पण गाडीत किंवा वॉलबॉक्समध्ये, एकाच ठिकाणी. दोन्हीकडे वेगळ्या वेळा लावल्या, की एक परवानगी देतो तेव्हा दुसरा अडवतो आणि सकाळी गाडी तशीच रिकामी. सतत ॲप उघडून टक्के पाहू नका. प्रत्येक वेळी गाडी झोपेतून उठते.

ट्रिप होण्यावरून दोष कळतो. गन (गाडीत खुपसायचं केबलचं टोक) लावताक्षणी आरसीसीबी पडला तर ओल किंवा गळती. एमसीबी वीस-तीस मिनिटांनी पडत असेल, तर तो किंवा त्याचं टर्मिनल तापतंय. मोठा एमसीबी लावून ते झाकू नका. गीझर सुरू झाल्यावर मेन जात असेल तर लोड जास्त होतोय: अँपिअर कमी करा किंवा घराचा लोड पाहून आपोआप करंट उतरवणारा वॉलबॉक्स घ्या. ट्रिप न होता वेग अर्ध्यावर आला, तर बहुधा गन किंवा प्लगमधल्या तापमान सेन्सरने करंट उतरवलेला असतो. गनच्या पिना पाहा: काळपट डाग किंवा सैलपणा दिसला, तर गन बदलायची वेळ आली आहे.