यानातला सोबती मारताना या चुका टाळा

सीतादही (कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आमच्याकडे पोरं कथा घेऊन यायला लागतात. कुणाला शाळेच्या गॅदरिंगसाठी नाटक पाहिजे असते, कुणाला तालुक्याच्या स्पर्धेसाठी एकांकिका, तर कुणाला मोबाईलवर शॉर्ट फिल्म काढायची असते. अलीकडे यातल्या बऱ्याच कथा अंतराळात घडतात. पाच-सहा जणांचं यान निघते, मधातच बिघाड होते, एक सोबती जीव देऊन बाकीच्यांना वाचवते आणि उरलेले रडतात. हा विषय मला मनापासून आवडतो. घरादारापासून लाखो किलोमीटर दूर, चार भिंतींत कोंडलेली माणसं, आणि त्यातला एक कमी होणं. पण दरवर्षी त्याच चुका दुरुस्त करून जीव थकतो. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

ओळख व्हायच्या आधीच माणूस मारणे

सगळ्यात मोठी चूक हीच. शंभरातल्या नव्वद कथा इथंच बसतात.

काही वर्षांआधी गावच्या शारदोत्सवात आमच्या पोरांची एकांकिका होती. चार माणसांचं यान, मंगळाकडे निघालेलं. पडदा उघडला, सायरन वाजला, लाल लाइट लागले आणि चौथ्या मिनिटाला इंजिनवाला गेला. कॅप्टन झालेल्या पोरानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि जीव तोडून रडला. खरंखुरं रडला, डोळ्यांत काही घातलं नव्हतं. समोर सतरंज्यांवर सारा गाव बसलेला. कोणी हसलं नाही, कोणी उठूनही गेलं नाही. पण बायांच्या बाजूनं बोलणं सुरू झालं आणि पहिल्याच रांगेतल्या एका म्हातारीनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, “पण तो होता कोन याचा?”

तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेला नाही. ही बाई गावातल्या एकूण एक मयतीला जाते. दुःख तिला शिकवायची गरज नाही. तिला फक्त नातं कळलं नव्हतं. आपणही मयतीच्या घरी गेलो की पहिले हेच विचारतो ना: कोण गेलं, कोणाचा कोण होता, मागं कोण आहे? याचं उत्तर मिळाल्याशिवाय आपल्याला नीट टेकून बसताही येत नाही. प्रेक्षकाचंही तसंच असते.

यासाठी मी पोरांना १९८२ चा ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’ दाखवतो. त्यात कॅप्टन कर्कचा जिवलग मित्र स्पॉक मरते. ही माणसं लोकांच्या ओळखीची होती. १९६६ ते १९६९ या काळात त्यांची टीव्ही मालिका चालली होती, ७९ भागांची. म्हणजे सिनेमावाल्यांकडं जुन्या ओळखीची शिदोरी होतीच. तरी ते तिच्यावर विसंबून राहिले नाहीत. सुरुवातीलाच कर्कचा वाढदिवस येतो. स्पॉक त्याला एक जुनं पुस्तक देतो आणि डॉक्टर मॅकॉय वाचायचा चष्मा देतो. वय झालं हे कर्कला पटत नाही आणि मित्रांनी मात्र ते ओळखलं आहे, एवढं त्या दोन भेटींतून कळते. स्पॉक गेल्यावर, शेवटाकडे, कर्क तोच चष्मा काढतो, तर त्याची काच तडकलेली असते. त्याच्यावर एक वाक्यही नाही.

आणि मरणाचा प्रसंग बघा. यान वाचवायसाठी स्पॉक किरणोत्सर्गानं भरलेल्या इंजिनाच्या खोलीत शिरतो आणि काम पुरं करतो. कर्क धावत खाली येतो तेव्हा दोघांच्या मधात काच आहे. दार उघडलं तर सगळे मरतील, म्हणून बाकीचे कर्कला धरून ठेवतात. आत स्पॉक कसाबसा उठतो, जाकिटाचं टोक खाली ओढून कपडे नीट करतो, कर्ककडे चालत येतो आणि काचेवर आदळतो, कारण त्याला आता दिसत नाही. ते जाकीट नीट करणं मी पोरांना पाच-पाच वेळा मागं घेऊन दाखवतो. आयुष्यभर शिस्तीत राहिलेला माणूस मित्रासमोर जाताना गबाळा जाणार नाही. मांडीवर डोकं घ्यायची सोय नाही. दोन तळहात काचेच्या दोन बाजूंनी, बस्स.

माझी सवय अशी की मरणाचं पान मी पोरांना आधी लिहूच देत नाही. पहिले दहा पानं यानातला साधा दिवस लिहून आणायचा. सकाळी आधी कोण उठते, कोणाच्या घोरण्यानं कोणाची झोप मोडते, पाण्याचा हिशोब कोण ठेवते, कोण कोणाच्या ताटातलं लोणचं उचलते. यावर दरवर्षी एक तरी पोरगा म्हणतो, “भाऊ, मेला की रडायचं, त्यात बसवायचं काय?” अशा पोराला मी पुढच्या वर्षी ये म्हणतो. ज्याला दहा पानांची घाई आहे त्याच्याकडून बारा दिवसांची तालीम होत नाही, हा माझा अनुभव आहे. तयार कथा मोबाईलवरून उतरवून आणणारेही असतात. त्यांच्या कथेत लोणचं कधीच नसते.

शोकाचं भाषण

“मित्रा, तुझ्याविना हे विश्व सुनं झालं.” हे वाक्य मी आजवर किती वह्यांत खोडलं याचा हिशोब नाही. आपल्याकडे दोन दोस्त एकमेकांशी असं बोलतात का? ते “काय करून राहिला बे” म्हणतात, “जेवला का” म्हणतात. सारा जीव त्या “जेवला का”मध्ये असतो. आयुष्यभर ‘बे’ म्हणणारा माणूस दोस्त मेल्यावर एकदम ‘मित्रा’ म्हणायला लागला की प्रेक्षकाला कळते, हे लिहून दिलेलं आहे.

१९७९ च्या ‘एलियन’मध्ये सात जणांच्या यानावर पहिला माणूस जातो. त्याचा देह गुंडाळून ठेवलेला असतो, कॅप्टन विचारतो, कोणाला काही बोलायचं आहे का? कोणी बोलत नाही. देह बाहेर सोडला जातो. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’त तर त्याहून अवघड प्रसंग आहे. डेव्ह बोमन छोट्या यानाच्या यांत्रिक हातांत आपल्या मेलेल्या सहकाऱ्याला, फ्रँक पूलला, धरून परत येतो. मोठ्या यानाचा संगणक दार उघडत नाही. दार हातानं उघडायचं तर ते यांत्रिक हात मोकळे पाहिजेत. म्हणून ज्याला आणायला गेला त्यालाच सोडून द्यावं लागते. बोमन रडत नाही, बोलत नाही. तो देह काळोखात हळूहळू दूर जाताना दिसतो.

माझा नियम: माणूस गेल्यावर उरलेल्यांना वाक्य देऊ नका, काम द्या. त्याची पाळी आता कोण करणार, त्याच्या वाट्याचं पाणी कोण पिणार, त्याच्या जागेवर कोण बसणार? कोणीच बसत नसेल तर ती जागा रिकामी दिसू द्या.

स्फोटाची हौस

पोरांना मरण म्हटलं की आग आणि धमाका पाहिजे. त्यांना मी सोयूझ-११ ची हकीकत सांगतो. ३० जून १९७१. तीन सोव्हिएत अंतराळवीर अंतराळस्थानकावर राहून परत येत होते. पॅराशूट बरोबर उघडलं, कुपी बरोबर जमिनीवर उतरली. बाहेर थांबलेल्या लोकांनी दार उघडलं तर तिघंही आपापल्या जागेवर बसलेले, आणि गेलेले. वर असतानाच यानाचे भाग सुटे होताना एक झडप उघडली होती आणि आतली हवा निघून गेली होती. त्यांच्या अंगात दाबाचे पोशाख नव्हते. त्यानंतर सोयूझमध्ये उतरताना-चढताना पोशाख सक्तीचे झाले आणि त्यासाठी जागा लागते म्हणून काही वर्षं तिघांऐवजी दोघंच जायला लागले. ती रिकामी झालेली तिसरी जागा कोणी नाटकात आणली तर मी त्याच्यासाठी आठ दिवस शेत सोडून येईन.

बाकी विज्ञानाच्या चुका पटापट सांगतो. निर्वात जागेत आवाज पोचत नाही, त्यामुळं बाहेरचा धमाका ऐकू येत नाही. हेल्मेटच्या आत फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, तोच वापरा. हेल्मेट फुटलं की माणूस लगेच गोठत नाही आणि फुग्यासारखा फुटतही नाही. दहा-पंधरा सेकंद शुद्ध राहते. तेवढ्या वेळात तो कोणाकडे बघतो ते आधी ठरवा. मंगळावरून पृथ्वीशी फोनसारखं बोलणं होत नाही. अंतराप्रमाणं निरोप पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. पोरं ही अडचण समजून गाळतात, आणि मला ते पाहून वाईट वाटते. माणूस मरून पंधरा मिनिटं झाली आणि आता त्याच्या आईचा “स्वेटर घातला का रे” हा निरोप यानात पोचला, एवढ्यावर आख्खं नाटक उभं राहते.

मरणच पाहिजे असंही नाही. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’मध्ये दोघं परत येतात. पाण्याच्या ग्रहावर गेलेली ही माणसं. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. यानात थांबलेला सोबती रोमिली समोर येतो तेव्हा त्याची दाढी पिकायला लागलेली असते. २३ वर्षं तो एकटा वाट पाहत होता. तो जिवंत आहे, समोर उभा आहे, आणि तरी तो जुना सोबती आता नाही.

काही लहान चुका

ग्लिसरीन नको. मागं रडकं गाणं नको, पेटीचा एक सूर पुरते.

नऊ-दहा माणसांचं यान नको. चार पुरेत, आणि चौघांनाही नाव पाहिजे. ‘सैनिक १’ मेला तर कोणाला काय वाटणार?

मेलेल्याला शेवटी परत जिवंत करू नका. स्पॉक परत आला हे मला दरवर्षी ऐकवलं जाते. आला, पण १९८४ चा एक आख्खा सिनेमा त्यासाठी खर्ची पडला, आणि त्यात कर्कनं आपला मुलगा गमावला, आपलं यानही स्वतःच्या हातानं नष्ट केलं. तुमच्या शेवटच्या दीड मिनिटात ती किंमत चुकती होत नाही.

कल्पना चावलाचा हार घातलेला फोटो पडद्यावर लावून टाळ्या आणि अश्रू घेऊ नका. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यानात सात माणसं गेली. त्यांच्या घरचे लोक आहेत. तिच्यावर नाटक करायचं तर तिच्यावरच करा, अभ्यास करून करा.

फवारणीचा जुना पंप टाकी म्हणून वापरणे

ही चूक जिवावरची आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ऑक्सिजनची टाकी दाखवायला पाठीवरचा फवारणी पंप दिसायला झकास दिसते. चंदेरी रंग मारला की झालं. एका तालमीत एका पोरानं घरचा पंप असाच रंगवून आणला. लाइटखाली अर्धा तास तो पाठीवर होता. त्याला घाम आला, पट्टे भिजले, आणि पोरगा म्हणाला डोकं दुखते, मळमळते. तालीम तिथंच थांबवली, त्याचे कपडे काढले, साबणानं आंघोळ घातली आणि गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. रात्रीपर्यंत तो बरा झाला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. धुतलेला पंप साफ असते असं समजू नका. पट्ट्यात, नळीत, वायसरात औषध मुरून राहते. वापरलेला पंप तालमीत आणायचा नाही, यावर माझ्याकडे चर्चा होत नाही.

आता आम्ही खायच्या तेलाच्या दोन रिकाम्या कॅन शेजारी बांधतो, शाळेच्या जुन्या दप्तराचे पट्टे लावतो आणि आत पाणी भरतो. पाणी भरायचंच. रिकामी टाकी घेतलेल्या पोराची चाल लगेच ओळखू येते.

त्या पंपानं एक गोष्ट मात्र दिली. सोळा लिटरचा भरलेला पंप एकट्यानं पाठीवर घेता येत नाही असं नाही, पण शेतात सोबती असला तर तो मागून उचलून धरतो, तुम्ही दोन्ही पट्टे खांद्यावर घेईपर्यंत भार सोडत नाही, आणि मग पाठीवर दोनदा थाप मारतो. म्हणजे जा. ही थाप इथं सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या वर्षी तेच चार माणसांचं यान आम्ही पुन्हा बसवलं तेव्हा ती आत घातली. पहिल्या पंधरा मिनिटांत इंजिनवाला तीनदा कॅप्टनच्या पाठीवर टाकी चढवून देतो आणि दोनदा थाप मारतो. त्याबद्दल संवाद नाही. बाविसाव्या मिनिटाला इंजिनवाला जातो. यानाची बाहेरची दुरुस्ती बाकी असते आणि ती आता कॅप्टनला करायची आहे.

सोबती नसला की आपण पंप धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवतो, त्याला पाठ लावून खाली बसतो, एक हात घालतो, मग चाचपडत दुसरा, आणि गुडघ्यावर हात देऊन उठतो. कॅप्टन झालेल्या पोराला मी तेवढंच सांगितलं होतं. त्यानं टाकी स्टुलावर ठेवली, पाठ फिरवून बसला, एक पट्टा खांद्यावर घेतला. दुसरा पट्टा मागं कुठंतरी अडकला होता आणि त्याच्या हाताला लागत नव्हता. तो शोधत राहिला. समोर सतरंजीवर बसलेला एक माणूस अर्धा उठला, दोन्ही हात पुढं करून, आणि मग हळूच खाली बसला.