मोठा स्कॅन ब्राउझरमध्ये कोरा दिसतोय? माझा अनुभव

जुन्या गावनकाशाचा स्कॅन, 40,000 × 30,000 पिक्सेल. उघडला की पान पांढरं आणि टॅब गारठलेला. जेपेग कॉम्प्रेस करून (फाइलचा आकार कमी करून) पाहिला, लीफलेट या वेबवर नकाशे दाखवणाऱ्या लायब्ररीत अख्खं चित्र टाकून पाहिलं. डोकं फिरायची वेळ आली. फाइल कितीही कॉम्प्रेस करा, ब्राउझरने उलगडल्यावर पिक्सेलमागे 4 बाइट, म्हणजे 4.8 जीबी मेमरी लागणारच.

शेवटी चाललं ते असं. लिबव्हिप्स हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून, चित्राचे छोटे तुकडे पाडणाऱ्या त्याच्या ‘व्हिप्स डीझेडसेव्ह’ कमांडला आधी टिफ फाइल, मग नवं नाव दिलं. डीझेडआय फाइल (तुकड्यांची माहिती असलेली छोटी फाइल) आणि तुकड्यांचं फोल्डर तयार झालं. दोन्ही शेजारीशेजारी ठेवा. नंतर ओपनसीड्रॅगन या, लागतील तेवढेच तुकडे ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या लायब्ररीच्या ‘टाइलसोर्सेस’ सेटिंगमध्ये त्या डीझेडआयचा पत्ता टाकला. तिच्याच ‘प्रीफिक्सयूआरएल’ सेटिंगला बटणांच्या आयकॉनांचं फोल्डर द्याच, नाहीतर झूमची बटणं फुटकी दिसतात. आणि पान डबलक्लिकने उघडू नका, लोकल सर्व्हरवरून (आपल्याच संगणकावर चालणाऱ्या वेब सर्व्हरवरून) उघडा. नाहीतर ब्राउझर डीझेडआय वाचूच देत नाही.