जाझ पियानो ट्रिओ शोधताय? या चुका टाळा

सर्चमध्ये नुसतं 'जाझ पियानो' टाकलं की पाऊस, कॉफी, अभ्यास आणि झोप अशा नावांच्या प्लेलिस्टची रांग लागते. त्यात पियानो असतो, पण बास आणि ड्रम्स बहुतेक वेळा नावापुरतेच. हवा असलेला ट्रिओ, म्हणजे पियानो, बास आणि ड्रम्स वाजवणारे तिघं, तिथे क्वचितच सापडतो, म्हणून मूडवरून शोधणं आधी सोडा.

नुसत्या पियानिस्टच्या नावावर विसंबणं ही त्याहून मोठी चूक. बिल एव्हान्स नावाचे दोन वादक आहेत, एक पियानिस्ट आणि एक सॅक्सोफोनिस्ट. गंमत म्हणजे दोघंही वेगवेगळ्या काळात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवून गेलेत, त्यामुळे ॲपचाही गोंधळ होऊ शकतो. त्यापेक्षा बासिस्ट किंवा ड्रमरचं नाव टाका. बासिस्ट लिंडा मे हान ओ शोधलं की पियानिस्ट विजय अय्यरचा 'अनईझी' (2021) हा अल्बम सापडतो. बासिस्ट थॉमस मॉर्गनवरून पियानिस्ट क्रेग टेबॉर्नच्या 'चँट्स'पर्यंत (2013) पोचता येतं. वाटेत मॉर्गनच बास वाजवतो ते याकोब ब्रोचे गिटार ट्रिओही लागतील, ते ओलांडून पुढे जा.

बासिस्टला एवढा मान कशासाठी, हे कळायला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जाझ क्लबमधलं 25 जून 1961 चं रेकॉर्डिंग काढा. पियानोवर बिल एव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन. 'ग्लोरियाज स्टेप' लावा आणि कान फक्त स्कॉट लाफारोच्या बासकडे ठेवा. हा माणूस नुसता ठेका धरून बसत नाही, पियानोला मधेच अडवतो, उत्तर देतो. आजचे कितीतरी ट्रिओ याच वाटेने आलेत.

'ट्रिओ' शब्दावरही डोळे झाकून विश्वास नको. नॅट किंग कोलच्या गाजलेल्या ट्रिओत ड्रम्स नव्हते, गिटार होती. द बॅड प्लसच्या 'फॉर ऑल आय केअर'मध्ये (2009) चक्क गायिका आहे, आणि 2021 मध्ये तर त्या बँडमधून पियानोच गेला. तेव्हा बँडचं नाव ओळखीचं असलं तरी प्रत्येक अल्बमचे क्रेडिट्स, म्हणजे कोण काय वाजवतंय ते, बघायचेच.

ॲपमध्ये दिसणारं साल अनेकदा रीमास्टरचं, म्हणजे जुनं रेकॉर्डिंग नव्याने साफ करून काढल्याचं असतं. रेकॉर्डिंगची तारीख वेगळी तपासा, नाहीतर साठ वर्षं जुना अल्बम 'नवीन' म्हणून गळ्यात पडेल.

ई.एस.टी. हा ट्रिओ शोधताना नुसती ही तीन अक्षरं टाकली की काहीही भलतंच येतं. त्यांच्या पियानिस्टचं, एस्ब्यॉर्न स्वेन्सन असं पूर्ण नाव लिहा. त्यांचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, ॲक्ट. तिथून आणि ईसीएम या दुसऱ्या लेबलच्या यादीतून चाळत गेलात तर टोर्ड गुस्तावसेन, मार्चिन वासिलेव्स्की असे पियानिस्ट आपसूक भेटतात. माझ्या मते कुठल्याही तयार प्लेलिस्टपेक्षा लेबलची यादी बरी.

एवढं करूनही 'यात बास कुठाय?' असं वाटत असेल, तर आधी फोनच्या स्पीकरवर शंका घ्या. डबल बासची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झच्या आसपास असते आणि तो इवलासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. इयरफोन लावा आणि तोच ट्रॅक पुन्हा ऐका.