फाफ्सा भरताना आमचं काय काय झालं (कॅलिफोर्निया, इन-स्टेट)

फाफ्सा म्हणजे कॉलेजच्या खर्चाला सरकारी मदत (एड) मिळावी म्हणून भरायचा अमेरिकेचा फेडरल फॉर्म. आमची लेक 2024 मध्ये यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) लागली, तेव्हापासून ऑक्टोबर लागला की ओळखीतल्या पालकांचे फोन सुरू होतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं आम्ही दोघं आयटीत, आम्हाला कसली एड मिळतेय, फाफ्सा भरायचा कशाला?" मीही हेच म्हणायचे. नवऱ्याने तर फॉर्म न उघडताच निकाल लावून टाकला होता. शेवटी शाळेच्या काउन्सेलरने मागे लागून भरायला लावला, कारण इथे सिनियर (बारावीच्या) मुलांनी फाफ्सा किंवा स्टेटचा ड्रीम ॲक्ट अर्ज (ज्यांना फाफ्सा भरता येत नाही त्यांच्यासाठीचा) भरायचा, नाहीतर नको म्हणून लेखी द्यायचं असा कायदाच आहे.

मग कळलं की अनसबसिडाइज्ड फेडरल लोनला (शिकत असतानाही व्याज चढतं ते कर्ज) इन्कम बघतच नाहीत. पहिल्या वर्षी 5,500 डॉलरपर्यंत, मुलीच्या नावावर, आमची सही नाही. शिवाय मिडल क्लास स्कॉलरशिप म्हणून एक प्रकार आहे, यूसी आणि सीएसयूतल्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) इन-स्टेट, म्हणजे कॅलिफोर्नियाच्याच रहिवासी मुलांसाठी, त्याची इन्कमची मर्यादा 2 लाख डॉलरच्याही वर आहे (ॲसेट्सनाही मर्यादा आहे हं). वेगळा अर्ज नाही, फाफ्सा 2 मार्चच्या आत गेला पाहिजे एवढंच. कॅल ग्रँटचीही (स्टेटची परत न करायची मदत) तीच तारीख, पण तिला जीपीए (शाळेतल्या ग्रेड्सची सरासरी) लागतो, तो शाळा पाठवते, तरी पोचला का ते वेबग्रँट्सवर (स्टेटच्या एडची साइट) मुलांनाच बघायला सांगा.

आता आमचा घोळ. माझ्या सोशल सिक्युरिटी कार्डावर अजून माहेरचं आडनाव, लायसन्सवर सासरचं, मी फाफ्साच्या साइटवर अकाउंट काढलं सासरच्या नावाने, त्यामुळे व्हेरिफिकेशन होईचना. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे, नवऱ्याचं नाव मधे, त्यात एखादं अक्षर इकडेतिकडे, म्हणून आधी कार्ड काढून समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच टाइप करा. तीन दिवस डोकं आपटल्यावर कळलं की टॅक्स जॉइंट भरत असाल तर एकाच पालकाचं अकाउंट पुरतं! मग नवऱ्याच्या अकाउंटने काम झालं. टॅक्सचे आकडे आयआरएसकडून आपोआप येतात, फक्त कन्सेंट द्यायलाच लागते, ती नाही दिली तर फेडरल एड शून्य. आणि टॅक्स दोन वर्षांपूर्वीचा बघतात, मधे ले-ऑफ झाला असेल तर कॉलेजच्या एड ऑफिसला कागद दाखवून सांगा, ते परत बघू शकतात.

ॲसेट्समध्ये राहतं घर आणि 401के (नोकरीतलं रिटायरमेंटचं खातं) धरत नाहीत. पण पुण्यातला फ्लॅट धरतात, आजचा भाव वजा कर्ज, डॉलरमध्ये, तो लपवू नका. आणि आजी-आजोबांनी दर दिवाळीला दिलेले पैसे मुलीच्या खात्यात साठवले होते ना, मुलांच्या पैशाचे 20 टक्के कॉलेजला देता येतील असे धरतात, आईबापाच्या ॲसेट्सचे जास्तीत जास्त 5.64. हे आधी माहीत असतं तर तिचा लॅपटॉप तिच्याच पैशातून फॉर्मच्या आधी घेतला असता.

अजून एक, फाफ्सा भरला म्हणजे इन-स्टेट फी लागली असं नाही, ते वेगळं खातं. ॲडमिशन घेतल्यावर यूसी रेसिडेन्सचा फॉर्म भरून घेते, टर्मच्या आधी 366 दिवस इथे राहत असल्याचं दाखवावं लागतं. आमच्या शेजारच्यांचा मुलगा एच-4 वर (एच-1बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा), त्याला इन-स्टेट फी लागली पण फाफ्सा नाही भरता आला, त्याला ग्रीन कार्ड तरी लागतंच. इन-स्टेट नसाल तर वर्षाला 30,000 डॉलरच्या वर जादा, म्हणून इन-स्टेट धरल्याचं पत्र आल्याशिवाय मला झोप नव्हती.

आमच्या वर्षी फॉर्मच डिसेंबरच्या शेवटी उघडला, साइट सारखी बंद, कॅलिफोर्नियाला तारीख पुढे ढकलावी लागली. हो, आणि हे दरवर्षी नव्याने भरायचं असतं. मागच्या ऑक्टोबरला नवरा पहिल्याच दिवशी बसला भरायला, पासवर्ड विसरला होता ते सोडा.