खुनी आधी कोण ओळखतं: दोघांनी मिळून रहस्यपट सोडवायची रीत

खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. पोलीस असतात, पण दोन पावलं मागेच. आणि मधोमध एक जोडपं, जे एकमेकांशी हुज्जत घालत घालत खुन्यापर्यंत पोचतं. असे सिनेमे माझे आणि नवऱ्याचे फार लाडके. आम्ही ते नुसते बघत नाही, सोडवायला बसतो. उलगडा व्हायच्या आत आपलं उत्तर कागदावर हवं. ते कसं जमवायचं, ते सांगते.

दोन कागद, दोन पेनं घ्या आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. सबटायटल्स लागत असतील तर साधी लावा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी जी सविस्तर असतात, त्यांत कधी कधी पडद्याआडून बोलणाऱ्याचं नावही येतं, आणि फोनवर धमकी देणारा कोण हे सुरुवातीलाच कळून बसतं.

पहिलं प्रेत पडेपर्यंत फक्त माणसं टिपायची. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू असलेल्या रहस्यकथाकारानं 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगार वाचकाला सुरुवातीच्या भागातच भेटलेला असला पाहिजे. प्रामाणिक सिनेमे आजही हे पाळतात, त्यामुळे तुमचा खुनी बहुतेक या पहिल्या यादीतच असतो. नाव लक्षात राहिलं नाही तर ‘लाल स्कार्फवाली’, ‘सारखा खोकणारा’ असं लिहा. प्रत्येकापुढे एकच गोष्ट टाका: याला काय हवंय? पैसा, घर, कुणापासून सुटका, जुनं प्रकरण दडपणं, काहीही. ज्याच्यापुढे ‘काहीच नको’ लिहावं लागतं, त्याच्या नावाभोवती मी लगेच गोल करते.

एवढा मोठा नट इतक्या छोट्या भूमिकेत, म्हणजे हाच खुनी, हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. पण आमच्याकडे तो ग्राह्य नाही. तो पुरावा कथेतला नाही, पोस्टरवरचा आहे.

आता खरी गोष्ट. या सिनेमांत पुरावा प्रेताजवळ कमी आणि जोडप्याच्या भांडणात जास्त सापडतो. लेखकाला तो दाखवावा तर लागतोच, नाहीतर शेवटी फसवणूक झाली असं आपण म्हणू. पण तो आपल्या मनात ठसायलाही नको असतो. आणि माणूस हसत असतो तेव्हा तपासत नसतो. समजा, दोघं दारात उभं राहून किल्लीवरून वाद घालताहेत. तो म्हणतो तुझ्या पर्समध्ये, ती म्हणते तुझ्या कोटात. पर्समधून एकेक अजब वस्तू निघतेय आणि आपण त्यातच रमलोय. तेवढ्यात मागून माळी येतो, ओली छत्री कोपऱ्यात टेकवतो आणि आत जातो. पुढे चौकशीत हाच माळी सांगतो, ‘मी दिवसभर घराबाहेर पडलोच नाही.’ छत्री तुम्ही पाहिली असेल तर तो तिथंच सापडला. म्हणून ते दोघं भांडायला लागले की त्यांच्याकडे नाही, त्यांच्या मागे बघा. आणि एकानं सहज बोललेलं, दुसऱ्यानं झटकून टाकलेलं वाक्य शब्दशः लिहून ठेवा. शेवटी डोक्यात प्रकाश पडतो तो बहुतेक त्याच वाक्यामुळे.

ही घडण जुनी आहे. अगाथा ख्रिस्तीची टॉमी आणि टपेन्स ही जोडी 1922 सालची. पडद्यावर विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय यांनी 1934 मध्ये ‘द थिन मॅन’मधले निक आणि नोरा रंगवले, आणि लोकांना ते इतके भावले की 1947 पर्यंत त्या मालिकेचे एकूण सहा सिनेमे झाले. थट्टा आणि तपास एका दमात कसे चालतात, हे शिकायला पहिला जरूर बघा.

कामाची वाटणी करून घ्या. आमच्यात नवरा वेळा आणि वस्तू सांभाळतो, मी माणसं. कोण कुठं होतं हे लिहिताना ‘पाहिलं’ आणि ‘सांगितलं’ असे दोन रकाने करा. कॅमेऱ्यानं आपल्याला सरळ दाखवलं ते पहिल्यात, कुणी तोंडानं सांगितलं ते दुसऱ्यात. संशयित बोलत असताना जो भूतकाळ दिसतो, तोही दुसऱ्यातच. तो त्याचा शब्द आहे, खोटा असू शकतो.

मध्यावर पोलीस ज्याला धरून नेतात, त्याला खोडून टाका. दुसरा खून झाला तर ज्याचा झाला त्याचा शेवटचा प्रसंग आठवा; त्यानं काहीतरी पाहिलं होतं आणि बोलायला उशीर केला.

मग सगळे संशयित एका खोलीत जमतात आणि जोडप्यातलं कुणीतरी घसा खाकरतं. इथं सिनेमा थांबवा. एकमेकांना न दाखवता कागदावर नाव, हेतू आणि निदान एक पुरावा लिहा. पुराव्याशिवाय नुसतं नाव बरोबर आलं तर गुण नाही, यावर आम्ही दोघंही ठाम आहोत.

उलगडा झाल्यावर लगेच उठू नका. पुराव्याचा प्रसंग मागे जाऊन पुन्हा लावा आणि तो खरंच समोर होता का ते बघा. मला सगळ्यात जास्त आनंद इथंच मिळतो, हरले असले तरी. पण खुनी म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत एखादा जुळा भाऊ उगवला, तर तो डाव धरायचा नाही. आधी चाहूल दिल्याशिवाय जुळे आणायला नॉक्सचीही मनाई आहे.