नव्या शहरात आपली मंडळी कशी निवडावी?

नगर, जालना किंवा सोलापूर सोडून नोकरीनिमित्त पुण्यात आलेली ख्रिस्ती कुटुंबे बहुधा घराजवळचे पहिले देवालय, म्हणजे चर्च, गाठतात आणि तेथल्याच मंडळीत, म्हणजे उपासकांच्या समुदायात, रुळतात. लहान मुलांना घेऊन दर रविवारी दोन बस बदलणे फार काळ निभत नाही, हे खरे. तरीही अंतराचा विचार शेवटी करावा.

प्रथम आपल्या परंपरेतील कोणती गोष्ट सोडण्याची आपली तयारी नाही, हे घरात बोलून ठरवावे. बाप्तिस्म्याचा प्रश्न येथे सर्वांत आधी येतो. रोमन कॅथलिक आणि मेथडिस्ट मंडळ्यांत बालकांचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट व पेंटेकॉस्टल मंडळ्यांत तो जाणत्या वयात, विश्वास कबूल केल्यावर, पाण्यात बुडवून दिला जातो. आणि १९७० मध्ये नागपूर येथे अनेक मंडळ्यांच्या ऐक्यातून स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये, दोन्ही पद्धतींना मान्यता आहे.

मात्र केवळ पाटी वाचून निर्णय घेऊ नये. गुरुवार पेठेतील पंचहौदचे पवित्र नाम देवालय सीएनआयचेच आहे, पण त्याची जडणघडण अँग्लिकन परंपरेत झाली असल्याने वेदी, झगे आणि ठरलेला उपासनाक्रम यांना तेथे मोठे स्थान आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या साध्या उपासनेत वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला अपरिचित वाटू शकते.

त्यानंतर भाषा पाहावी. मुलांना इंग्रजी उपासना सोपी जाते म्हणून तिकडे वळणाऱ्या कुटुंबांतील आजी-आजोबा, ज्यांना नारायण वामन टिळकांची गीते तोंडपाठ असतात, ते तेथे गप्प बसून राहतात, आणि ही किंमत मला फार मोठी वाटते. कॅथलिक कुटुंबांनी मराठी मिस्साची, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेची, वेळ आधीच विचारून घ्यावी.

भेट नाताळात किंवा ईस्टरला देऊ नये. एखाद्या साध्या रविवारी आणि एकदा प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारी जावे. वाचलेल्या शास्त्रपाठाचा उलगडा उपदेशात होतो, की पाठ बाजूला राहून नुसते किस्से सांगितले जातात, याकडे लक्ष द्यावे. आशीर्वचनानंतर दाराशी थोडे रेंगाळावे: नव्या कुटुंबाची कोणी आपणहून विचारपूस करते का, रविवारच्या शाळेच्या बाई मुलाला नाव विचारतात का, यावरून मंडळीचा स्वभाव कळतो.

मग पाळकांना किंवा कार्यवाहांना भेटून व्यवहाराचे प्रश्न संकोच न करता विचारावेत. दानाचा हिशेब वार्षिक सभेपुढे मांडला जातो का? दफनभूमीची सोय कोठे आहे? मंडळी स्वतंत्र, म्हणजे कोणत्याही मोठ्या चर्चशी न जोडलेली, असेल, तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार तेथील पाळकांना विवाह लावण्याचा अधिकार आहे का, हेही विचारावे. अनेकांना हा प्रश्न लग्न ठरल्यावरच सुचतो. जेथे प्रार्थनेच्या भरवशावर औषधे बंद करण्यास सांगतात किंवा आरोग्याच्या आशेवर पैसे मागतात, तेथे पुन्हा पाऊल ठेवू नये.

निर्णय झाल्यावर जुन्या मंडळीकडून बाप्तिस्मा व दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने पुढे विश्वास पक्का करण्याचा विधी) यांच्या तारखा नमूद केलेले पत्र आणावे आणि ते नव्या पाळकांच्या हाती देऊन सभासदांच्या नोंदवहीत संपूर्ण कुटुंबाची नावे घालून घ्यावीत.